औषधतक्त्यातला कोरा चौकोन: ऑर्किड व्ह्यू प्रकरण

इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्स परगण्यात कॉपथॉर्न नावाचं गाव आहे. तिथे २००९ साली ऑर्किड व्ह्यू हे ८७ खाटांचं केअर होम सुरू झालं. इमारत नवीकोरी होती आणि फीही भरभक्कम होती. आई-वडिलांसाठी जागा बघायला आलेल्या मुलांना पहिल्या भेटीत खटकावं असं काहीच दिसत नव्हतं. ऑक्टोबर २०११ मध्ये हे होम बंद झालं. तिथे राहिलेल्या १९ वृद्धांच्या मृत्यूंची चौकशी पुढे कॉरोनर पेनेलोपी शोफिल्ड यांच्यासमोर एकत्र चालली. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी. मुंबईतही १९९९ पर्यंत असं न्यायालय होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये शोफिल्ड यांनी निष्कर्ष दिला: १९ही जणांची शुश्रूषा निकृष्ट झाली होती आणि त्यांतल्या पाच जणांच्या मृत्यूला दुर्लक्षानं हातभार लावला होता. या होममध्ये संस्थात्मक छळ चालला होता, असे शब्द त्यांनी वापरले. त्याचं मूळ त्यांनी वरपासून खालपर्यंतच्या व्यवस्थापनात आणि मनुष्यबळाच्या टंचाईत दाखवलं.

छळ म्हटलं की डोळ्यांसमोर हात उगारणारी माणसं येतात. या प्रकरणात बहुतेक वेळा तसं नव्हतं. चुकीच्या मात्रेत दिलेली औषधं, ओल्या कपड्यांत तासन् तास पडून राहिलेली माणसं, वाजत राहिलेली किंवा हाताला न लागणारी बेल, असं त्याचं स्वरूप होतं. सुट्या सुट्या पाहिल्या तर या गोष्टी कुठल्याही होममध्ये एखाद्या वाईट दिवशी घडू शकतात. इथे त्या रोजच्या झाल्या होत्या आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

प्रकरण बाहेर आलं ते कागदांमुळे. एका रात्रपाळीत औषधांच्या २८ चुका सापडल्या. ज्या औषधतक्त्यांवर त्या दिसत होत्या ते कागद श्रेडरमध्ये घालायला आपल्याला सांगितलं गेलं, असं होमच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका महिलेनं पोलिसांना कळवलं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध जास्त मात्रेत गेलेल्या एका रहिवासी बाईंना रुग्णालयात हलवायचं होतं. सोबत खरे तक्ते गेले तर होमला टाळं लागेल, ही भीती त्यामागे होती. पाच जणांना अटक झाली, पण खटल्याइतका पुरावा उभा राहिला नाही. त्या रहिवासी बाईंचा मृत्यू हा दुर्लक्षाचा हातभार लागलेल्या पाच मृत्यूंपैकी एक.

हा लेख मुख्यतः या तक्त्याबद्दल आहे. केअर होमचा दर्जा सुधारायचा म्हटलं की चर्चा प्रशिक्षणाचे तास, प्रमाणपत्रं आणि धोरणांच्या फायली यांकडे वळते. आमच्या मते दर्जा मोजायची जागा दुसरी आहे. औषध देणाऱ्याला नीट द्यायला पुरेसा वेळ मिळतो का, आणि चुकलं तर ते लिहून ठेवताना त्याला भीती वाटते का, हे आधी पाहावं. या दोन गोष्टी जमत नसतील तर प्रशिक्षणावर केलेला खर्च वाया जातो.

एका ओळीतली चूक

औषधतक्ता हा साधा कागद असतो. वर रहिवाशाचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि ॲलर्जी. खाली दर औषधाला एक ओळ: नाव, गोळीची ताकद, मात्रा, कसं द्यायचं, किती वाजता. उजवीकडे महिन्याच्या तारखांचे चौकोन. औषध तोंडात जाऊन गिळलं गेलं की देणाऱ्यानं चौकोनात सही करायची. नाकारलं, झोपेत होते, रुग्णालयात आहेत, साठा संपला, यांसाठी ठरलेली अक्षरं असतात. कोरा चौकोन कधीच राहू द्यायचा नाही, कारण त्याचे दोन अर्थ निघतात. औषध दिलं आणि सही राहिली, किंवा दिलंच नाही. पुढच्या पाळीतल्या माणसाला यातलं खरं कुठलं ते कळत नाही. मग तो अंदाज करतो, आणि वॉरफरिनसारख्या औषधात अंदाज जिवावर बेततो.

वॉरफरिन इतर गोळ्यांसारखं नाही. त्याची मात्रा आयएनआर या रक्तचाचणीवर ठरते; रक्त गोठायला किती वेळ लागतो ते ती सांगते, आकडा जितका मोठा तितकं रक्त सावकाश गोठतं. हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णात आयएनआर साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. चाचणीचा निकाल आला की मात्रा बदलू शकते, म्हणून गोळी बहुधा संध्याकाळी सहाच्या सुमारास देतात. दिवसा आलेला निकाल त्याच दिवशी अमलात आणता येतो. ब्रिटनमध्ये या गोळ्यांना रंग ठरवून दिलेले आहेत: अर्धा मिलिग्रॅम पांढरी, १ तपकिरी, ३ निळी, ५ गुलाबी. म्हणजे ४ मिलिग्रॅमची मात्रा असलेल्या रुग्णाला एक निळी आणि एक तपकिरी जाते. म्हणूनच मात्रा कायम मिलिग्रॅममध्ये लिहायची. ‘दोन गोळ्या’ असं लिहिलं की एका हातून दोन तपकिरी जातात आणि दुसऱ्या हातून दोन गुलाबी.

आता चूक कशी घडते ते पाहू. समजा मंगळवारी निकाल येतो आणि मात्रा ३ वरून २ मिलिग्रॅमवर येते. दिवसपाळीची नर्स फोनवर निरोप घेते आणि तक्त्यावर नवी ओळ हातानं लिहिते. तेवढ्यात बेल वाजते, आणि जुनी ओळ कापायची राहते. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ‘वॉरफरिन बदललंय’ एवढंच सांगितलं जातं. संध्याकाळी एजन्सीची, म्हणजे बाहेरून एका पाळीपुरती मागवलेली नर्स येते, पहिल्यांदाच या मजल्यावर. तिच्यासमोर वॉरफरिनच्या दोन चालू ओळी आहेत. ३ आणि २ मिळून ५ होतात आणि ती ५ मिलिग्रॅम देते. तक्ता सांगतो तेच तिनं केलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरी नर्स तिची सही बघून तेच पुढे चालू ठेवते.

ही चूक लगेच दिसत नाही, आणि धोका तिथेच आहे. वॉरफरिन रक्त गोठवणारे नवे घटक तयार होऊ देत नाही, पण रक्तात आधीपासून असलेले घटक झिजायला वेळ लागतो. काही घटक काही तासांत कमी होतात, प्रोथ्रोम्बिन या घटकाला दोन-तीन दिवस लागतात. मात्रा वाढल्याचा पूर्ण परिणाम म्हणूनच काही दिवसांनी दिसतो. तोवर चार पाळ्या बदललेल्या असतात. दंडावर जांभळा डाग दिसतो आणि ‘पडल्या असतील’ म्हणून सोडून दिला जातो. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, तेव्हा दोष ब्रशवर जातो. शौच डांबरासारखं काळं होतं, आणि स्वच्छता करणाऱ्या केअररला, म्हणजे रोजची देखभाल करणाऱ्या मदतनिसाला, हा रक्तस्रावाचा इशारा असतो हे कुणी शिकवलेलंच नसतं. भरीला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी प्रतिजैविक सुरू झालेलं असतं. को-ट्रायमोक्साझोल, मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर आणखी वर जातो. नवं प्रतिजैविक सुरू केलं की काही दिवसांत आयएनआर पुन्हा तपासायचा, हा नियम नर्सला माहीत असतो. तारीख डायरीत घालायची कुणी, हे ठरलेलं नसतं.

यावर उपाय अवघड नाहीत. तोंडी बदल फोनवर घ्यायचाच झाला तर दोघांनी ऐकायचा, परत वाचून दाखवायचा आणि लेखी पाठवायला सांगायचं. हातानं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दोन सह्या हव्यात, लिहिणाऱ्याची आणि ताडून बघणाऱ्याची. नवी ओळ लिहिण्याआधी जुनी ओळ आडव्या रेघेनं बंद करून ‘थांबवलं’, तारीख, सही. क्रम हाच ठेवायचा: आधी जुनी बंद, मग नवी सुरू. उलट केलं की मधली बेल घात करते. वॉरफरिन आठवड्याच्या खाचांच्या पॅकमध्ये भरायचं नाही, मूळ डब्यातच ठेवायचं. मात्रा बदलली की खाचांतून गोळी शोधून काढावी लागते आणि तिथे चूक होते. दर डोसनंतर उरलेल्या गोळ्या मोजून आकडा लिहायचा. काल २१ होत्या, एक दिली, आज २० हव्यात. १९ निघाल्या तर चूक त्याच रात्री सापडते, आठवडाभर वाट बघावी लागत नाही.

वेळेचं गणित

ब्रिटनमध्ये २००९ साली केअर होम्समधल्या औषधांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ होम्स आणि २५६ रहिवासी तपासले होते. दर रहिवाशामागे सरासरी आठ औषधं चालू होती, आणि १० पैकी जवळजवळ ७ जणांच्या बाबतीत एक तरी चूक सापडली. लिहून देण्यात, दुकानातून भरण्यात, देण्यात आणि देखरेखीत, चारही ठिकाणी चुका होत्या. म्हणजे ऑर्किड व्ह्यू हे चांगल्या होम्सच्या रांगेतलं एकटं वाईट होम नव्हतं. सगळीकडे असलेली कच्ची बाजू तिथे मोकाट सुटली होती.

एका मजल्यावर ३० रहिवासी आहेत आणि औषधं द्यायला एक नर्स आहे असं धरू. एका माणसाला ओळखायचं, बसतं करायचं, पाणी द्यायचं, आठ गोळ्या तपासून द्यायच्या, गिळल्याची खात्री करायची, सही करायची. घाईघाईत केलं तरी तीन मिनिटं. म्हणजे दीड तास. ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा स्मृतिभ्रंशामुळे समजावून सांगावं लागतं त्यांना पाच-सात मिनिटं लागतात. सरासरी पाच धरली तर अडीच तास होतात. आठला सुरू झालेली सकाळची फेरी साडेदहाला संपते. दुपारची फेरी साडेबाराला. शेवटच्या खोलीतल्या आजींना पॅरासिटामॉल साडेदहाला मिळालं आणि पुढचं एकला देणार. दोन डोसांत चार तास हवेत, ते उरत नाहीत. कुणाला साडेसातला इन्सुलिन देऊन नाश्ता नऊला आला तर साखर उतरते. पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा अर्ध्या-पाऊण तासानं उशिरा मिळालं की शरीर आखडतं, घास अडकतो, मग दुसऱ्या केअररला त्यांच्यापाशी थांबावं लागतं आणि उशीर आणखी वाढतो.

हा वेळ न मोजता नर्सला ‘काळजीपूर्वक करा’ सांगण्यात अर्थ नाही. वेळ पुरत नसला की माणूस आपोआप वाटा शोधतो. चार जणांच्या गोळ्या छोट्या कपांत आधीच काढून ठेवतो, ट्रॉली एका जागी उभी करून तक्ता न नेता खोलीत जातो आणि सगळ्या सह्या शेवटी एकदम करतो. तक्त्यावर नजर टाकली की हे ओळखू येतं. एकाच पेनाची, एकाच तिरकेपणाची, ओळीनं ३० नावांपुढे केलेली सही. खऱ्या फेरीत कुठेतरी नकार असतो, कुठेतरी ‘झोपेत होते’ असतं. महिनाभर एकही नकार नसलेला तक्ता चांगला मानू नये, तो आधी तपासावा.

म्हणून सुधारणेची पहिली पायरी घड्याळ. तीन दिवस प्रत्येक फेरी कधी सुरू झाली, कधी संपली आणि मध्ये किती वेळा थांबली हे कुणीतरी सोबत फिरून लिहायचं. फोन, पाहुणे, डॉक्टर, बेल, प्रत्येकाची रेघ ओढायची. काही ठिकाणी नर्सला ‘औषध चालू, बोलू नका’ असं लिहिलेलं लाल जॅकेट घालायला देतात. नुसत्या जॅकेटनं फार फरक पडत नाही. फेरीच्या वेळात मजल्याचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे हे ठरलेलं असेल तर पडतो. दुसरा मार्ग डॉक्टर आणि औषधतज्ज्ञाबरोबर बसून औषधं कमी करण्याचा. दिवसातून चार वेळा द्यायची गोळी दोन वेळांवर आणता येते का, पाच वर्षांपूर्वी सुरू केलेलं आम्लपित्ताचं औषध अजून लागतं का, हे तपासलं की फेरी खरोखर लहान होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं मार्च २०१४ मध्ये केअर होममधल्या औषधांसाठी मार्गदर्शिका काढली. औषध देणाऱ्या प्रत्येकाची क्षमता दरवर्षी तपासावी, हा त्यातला एक मुद्दा.

रात्री बेल कोण घेणार

कॉरोनरनी मनुष्यबळाच्या टंचाईवर बोट ठेवलं. इंग्लंडमध्ये केअर होमला ‘इतक्या रहिवाशांमागे इतके कर्मचारी’ असं कायद्यानं ठरलेलं प्रमाण नाही. ‘पुरेसे’ हवेत, एवढंच. पुरेसे म्हणजे किती, हे होमनंच रहिवाशांच्या गरजेवरून काढायचं असतं.

३० रहिवासी, रात्री दोन केअरर आणि एक नर्स. ३० पैकी १२ जणांना कूस बदलायला दोन माणसं लागतात. बेडसोरचा, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमांचा धोका जास्त असलेल्यांची कूस किमान दर चार तासांनी बदलावी, असं नाइस सांगते. रात्रीच्या बारा तासांत तीन वेळा. पॅड बदलणं, त्वचा बघणं, उशा लावणं धरून एका वेळी दहा मिनिटं. १२ गुणिले ३ गुणिले १० म्हणजे ३६० मिनिटं. दोन्ही केअरर सहा तास एकाच खोलीत, दार लावून, हात गुंतलेले. त्या सहा तासांत बेल वाजली तर कोण जाणार? नर्स. आणि नर्स रात्रीच्या औषधांत असेल तर कुणीच नाही. बेल वाजत राहते. पाचव्या मिनिटाला आजोबा स्वतः उठून संडासकडे निघतात आणि दाराशी पडतात. घटना-नोंदीत कारण लिहिलं जातं, ‘रहिवाशानं मदत मागितली नाही’.

बेल हाताला न लागणं ही वेगळी गोष्ट, आणि तिला माणसं वाढवावी लागत नाहीत. पक्षाघातात उजवा हात गेला असेल आणि दोरी उजव्या बाजूच्या खिळ्याला असेल तर ती बेल नसल्यातच जमा. चादर बदलताना दोरी गादीमागे पडते. आवाज नको म्हणून कुणीतरी ती मुद्दाम लांब ठेवतो; हे घडतं, आणि हा छळ आहे. पाळी सुरू होताना प्रत्येक खोलीत जाऊन रहिवाशाला स्वतः बटण दाबायला सांगायचं. ज्यांना दाबता येत नाही त्यांची यादी वेगळी. त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी फेरी किंवा खाटेशेजारी दाबाला वाजणारी चटई. यंत्रणा वेळ नोंदवत असेल तर दर सोमवारी गेल्या आठवड्यातल्या पाच मिनिटांपेक्षा जास्त वाजलेल्या बेली काढायच्या आणि त्या कोणत्या तासात साचल्या आहेत ते बघायचं. बहुतेक ठिकाणी त्या पाळी बदलताना आणि पहाटे पाच ते सातमध्ये साचलेल्या सापडतील. माणूस तिथे द्यायला हवा.

मालकीचा भाग थोडक्यात. ऑर्किड व्ह्यू ज्या सदर्न क्रॉस कंपनीचं होतं ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी केअर होम कंपनी होती, सुमारे ७५० होम्स आणि ३१ हजार रहिवासी. इमारती विकून त्याच भाड्यानं घेण्याच्या व्यवहारांमुळे चढत्या भाड्याचं ओझं तिच्यावर होतं आणि २०११ मध्ये ती कोसळली. भाडं कमी करता येत नाही. कमी करता येते ती रात्रपाळीतली तिसरी जागा. म्हणून एखाद्या होमचा दर्जा तपासताना प्रशिक्षणाच्या फायलीआधी गेल्या तीन महिन्यांचं रात्रपाळीचं वेळापत्रक आणि एजन्सीची बिलं मागवावीत.

शेरा ‘चांगलं’ होता

२०१० साली तपासणी यंत्रणेनं ऑर्किड व्ह्यूला ‘चांगलं’ असा शेरा दिला होता. हे वाचून कुणाचाही संताप होईल. धोरणं आहेत का, फायली आहेत का, एवढंच विचारत गेलं तर उत्तर ‘आहेत’ असंच येतं. रात्री दोन वाजता मजल्यावर काय चाललंय ते त्या उत्तरात नसतं. वेस्ट ससेक्सच्या प्रौढ संरक्षण मंडळासाठी निक जॉर्जियू यांनी या प्रकरणाचा सविस्तर आढावा घेतला. तो जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ३४ शिफारशी होत्या. त्याच सुमारास स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या दुर्लक्षाच्या चौकशीनंतर इंग्लंडमध्ये कायदे बदलत होते. ऑक्टोबर २०१४ पासून तपासणी पाच प्रश्नांभोवती बांधली गेली: सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला प्रतिसाद देते का, नेतृत्व नीट आहे का. एप्रिल २०१५ पासून चूक झाल्यावर रहिवाशाला आणि कुटुंबाला खरं सांगण्याचं कायदेशीर बंधन केअर होम्सना लागू झालं. सदर्न क्रॉससारख्या मोठ्या कंपन्यांच्या आर्थिक प्रकृतीवर नजर ठेवण्याची व्यवस्थाही त्याच महिन्यात सुरू झाली. जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष हा शुश्रूषा देणाऱ्यासाठी आणि संस्थेसाठी स्वतंत्र गुन्हा झाला. व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद.

खरं सांगण्याचं बंधन आम्हाला या सगळ्यांत मोलाचं वाटतं. पण कायद्यानं ते येतं ते संस्थेवर. मजल्यावरच्या नर्सला ते पेलण्यासाठी पुढचा क्रम तोंडपाठ हवा, आणि तो तिला सरावानं शिकवावा लागतो. चुकीचं औषध गेलं हे कळताच आधी माणूस बघायचा: शुद्ध, श्वास, नाडी, रक्तदाब, गरज असेल तर साखर. मग डॉक्टर किंवा रुग्णवाहिका. फोनवर औषधाचं नाव, गेलेली मात्रा, वेळ आणि इतर चालू औषधं सांगायची. चुकीची नोंद खोडायची नाही. एक सरळ रेघ, शेजारी खरं काय घडलं, वेळ, सही. मूळ तक्त्याची प्रत रुग्णाबरोबर रुग्णालयात गेलीच पाहिजे. तिथल्या डॉक्टरला आयएनआर ८ च्या वर का आहे याचं उत्तर त्याच कागदावर मिळतं आणि व्हिटॅमिन के देण्याचा निर्णय लवकर होतो. त्यानंतर कुटुंबाला फोन, त्याच दिवशी, पाळीच्या प्रमुखानं. ‘तब्येत थोडी बिघडली’ असं मोघम नाही. ‘औषध जास्त गेलं, आमच्याकडून चूक झाली, आता असं करतो आहोत’.

ऑर्किड व्ह्यूमध्ये ज्या क्षणी तक्ता रुग्णाबरोबर जायला हवा होता, त्या क्षणी तो नष्ट करायचा विचार झाला.

प्रशिक्षण कुठे मुरतं

एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमध्ये नव्या केअररसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ आलं. सुरुवातीला त्यात १५ मानकं होती: आपली भूमिका, खासगीपणा आणि सन्मान, अन्नपाणी, स्मृतिभ्रंशाची जाण, गैरवर्तनापासून संरक्षण, प्राथमिक जीवरक्षण, संसर्ग टाळणं वगैरे. साधारण पहिल्या १२ आठवड्यांत ते पुरं करायचं असतं. त्यातली बरीच कौशल्यं प्रत्यक्ष कामाच्या जागी कुणीतरी बघून मान्य करायची असतात. संगणकावर व्हिडिओ बघून दहापैकी आठ उत्तरं बरोबर देणारी मुलगी खाटेशेजारी काय करते, हे त्याशिवाय कळत नाही. गुजराण कठीण असलेल्या होम्समध्ये पहिली काटछाट याच निरीक्षणावर येते, कारण बघणाऱ्याचाही पगार द्यावा लागतो.

औषध देण्यासाठी आमच्या हिशेबात किमान तीन पूर्ण फेऱ्या कुणीतरी शेजारी उभं राहून बघायला हव्यात: एक सकाळची, एक रात्रीची आणि एक अशी जिच्यात काहीतरी बिनसलं. कुणी गोळी थुंकली, साठा संपला किंवा चिठ्ठी आणि डब्याचं लेबल जुळलं नाही. सरळ फेरी कुणालाही जमते. नकार मिळाल्यावर शिकणारी मुलगी पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा विचारते, की गोळी जेवणात लपवते? ब्रिटनमध्ये विचारक्षमता हरवलेल्या माणसाला औषध लपवून द्यायचं तर डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि कुटुंब यांनी मिळून त्याच्या हिताचा निर्णय लेखी घ्यावा लागतो. नर्सनं परस्पर ठरवायचं नसतं.

हे बदल सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत नोंदलेल्या चुकांचा आकडा वाढायला हवा. आधी लपणाऱ्या चुका तेव्हा कागदावर यायला लागतात. त्या वाढीवर वरच्यांनी आवाज चढवला की तिसऱ्या महिन्यात आकडा खाली येतो, आणि ती सुधारणा नसते.

आपल्याकडे तीच फेरी

पालकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यातलं १९ वं कलम राज्य सरकारांनी जिल्ह्याजिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढावेत असं सांगतं. आतल्या शुश्रूषेचं काम बहुतेक ठिकाणी एक-दोन नर्स आणि ब्युरोकडून आलेल्या मावशी-मामांवर चालतं. वर पाहिलेली जुन्या-नव्या ओळीची चूक इथे दुसऱ्या रूपात भेटते. वॉरफरिनच्या जागी ॲसिट्रॉम हे तसंच रक्त पातळ करणारं औषध असतं, आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी येतं. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर एक नाव, मुलानं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या स्ट्रिपवर दुसरं. दोन्ही चालू राहतात. तक्त्यावर कंपनीच्या नावाखाली मूळ औषधाचं नाव लिहिलं की दोन ओळी एकाच औषधाच्या आहेत हे लगेच दिसतं.

स्ट्रिप कात्रीनं कापून डबीत भरायची सवय तर घरोघरी आहे. चार गोळ्यांचा तुकडा हातात येतो, त्यावर ना नाव, ना ताकद, ना मुदत. आश्रमात कापलेली स्ट्रिप घ्यायचीच नाही, हे प्रवेशाच्या वेळीच नातेवाइकांना सांगावं. गोळी कुटून वरणभातात कालवणं हाही मायेपोटी चाललेला प्रकार. मंद गतीनं विरघळणारी फिटची गोळी कुटली की दिवसभराची मात्रा एकदम सुटते, आणि पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असलेली पॅन्टोप्राझोलची गोळी कुटली की तिचा उपयोग कमी होतो. गिळता येत नसेल तर पातळ औषध मिळतं का, हे डॉक्टरांना विचारायचं.

मावशींना मराठी वाचता येतं, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नाही. तक्ता मराठीत आणि ठळक अक्षरांत हवा. मात्रेत ‘१.०’ लिहायचं नाही. टिंब पुसट झालं की दहा होतात. अर्धी गोळी हवी तर ‘अर्धी’ असं अक्षरी लिहावं.

इन्सुलिनबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिटचं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजही दोन: ४० साठी लाल टोपीची, १०० साठी नारिंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात, अडीचपट. इंग्रजीत ‘6U’ असं लिहिलेलं घाईत ‘60’ वाचलं जातं, म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. आश्रमात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवायचं ठरवावं, दुसऱ्या ताकदीच्या सिरिंज कपाटातून काढून टाकाव्यात. घरून वेगळी कुपी घेऊन येणाऱ्या मुलाला दारातच थांबवून डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून आणायला सांगावं. त्याला राग येईल. त्याला दोन्ही सिरिंज शेजारी ठेवून २० ची रेघ दाखवावी.